डोलकाठ्या उतरवलेली जहाजं

एडवर्ड विल्यम कुक. जन्म १८११, लंडन. जहाजं, होड्या आणि पडावांच्या ५० एचिंग्जचा (म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेघा खाऊ देऊन काढलेल्या छाप्यांचा) त्याचा संच १८२९ साली निघाला, तेव्हा हा मुलगा जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्या वयात आमची बॅच प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओत जस्ताच्या पत्र्यावर कुंडीतलं निवडुंग काढत होती, आणि ते निवडुंग आहे हे सरांना शेजारी उभं राहून सांगावं लागत होतं. त्यामुळे कुकबद्दल मला आदर आहे तेवढीच असूयाही आहे. ती पुढे मधूनमधून डोकावली तर समजून घ्या.

(आणि हा कुक म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेला कॅप्टन कुक नव्हे. तो पुढे एका वाक्यापुरता येईल, पण पाहुणा म्हणून.)

हल्ली रात्री जेवणं उरकली की मी या प्लेट्स लॅपटॉपवर मोठ्या करून बघत बसते. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाने आणि ब्रिटिश म्युझियमने त्यांची छायाचित्रं ऑनलाइन ठेवली आहेत. मूळ छापे लहानसेच. पण पडद्यावर ते दहापट मोठे करता येतात, आणि कुक दहापट मोठा केला तरी कुठे उघडा पडत नाही, याचाच राग येतो.

त्या काळातला समुद्र म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते वादळ. टर्नर या इंग्रज चित्रकाराची डोंगराएवढी लाट, फुटलेलं जहाज, फळीला धरून तरंगणारी माणसं. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचा, बुडालेल्या जहाजातल्या माणसांचा तो तराफा १८१९ चा. समुद्राने माणसाला गिळावं आणि प्रेक्षकाने दिवाणखान्यात बसून ते बघावं, अशी सगळी मांडणी. कुकचा संच उघडला की यातलं काही सापडत नाही. थेम्सवरून गवताचे भारे नेणारे पडाव. कोळसा उतरवणारी जहाजं. ओहोटीला चिखलात एका कुशीवर कललेल्या मासेमारी होड्या. आणि बंदरात कायमची बांधून ठेवलेली, डोलकाठ्या उतरवलेली म्हातारी जहाजं. आजचं लिखाण खरं तर या शेवटच्यांबद्दल आहे, पण तिथवर जरा वळसा घालून जावं लागेल.

एचिंगमध्ये वादळ जमत नाही, असं माझं मत आहे. जमत नाही म्हणजे काढता येत नाही असं नाही. लोकांनी ढिगाने काढली आहेत. पण एचिंग म्हणजे शेवटी रेघ, आणि फेसाला रेघ नसते. लाटेचं तोंड फुटतं तिथे कडाच नसते. रंगवाला तिथे पांढरा थापतो, कापडाने पुसतो, टर्नरसारखा असेल तर नखानेही खरवडतो. सुईवाल्याला मात्र प्रत्येक थेंबाची बाह्यरेषा काढावी लागते, मग ती लाट कोरीव लाकडासारखी दिसते. डॉमिनिक सेर्स आणि त्याचा मुलगा जॉन थॉमस या दोघांच्या नावाने १८०५-०६ मध्ये समुद्रचित्रं कशी काढावीत याचं शिकवणीचं पुस्तक निघालं, बाप तोवर वारला होता. त्यात जहाजाचे सुटे भाग, नांगर, तरंगणारी पिंपं, शांत पाणी, वाऱ्याचं पाणी, सगळं पायरीपायरीने आहे. उत्तम पुस्तक. पण वारा वाढत जातो तसतशा त्यातल्या लाटा मला शिकवणीच्या वाटतात, समुद्राच्या नाही.

टर्नरला हे कळलेलं होतं. ‘लिबेर स्टुडिओरम’ नावाची त्याची मोठी मालिका १८०७ ते १८१९ या काळात हप्त्याहप्त्याने निघाली. १०० प्लेट्सचा बेत होता, ७१ छापून झाल्या. तिच्यात निसर्गचित्रांचे प्रकार पाडले होते आणि सागरी दृश्यं हा त्यातला एक. पद्धत अशी की टर्नर आधी स्वतः मुख्य रेघा एचिंगने तांब्यावर उतरवायचा, अगदी जाड, खोल. मग दुसरा कारागीर त्याच पत्र्यावर मेझोटिंटने, म्हणजे पत्रा खरबरीत करून उजेडाच्या जागा घासून, अंधार-उजेड भरायचा. म्हणजे रेघ हा नुसता सांगाडा. १८०८ मध्ये निघालेल्या त्याच्या वाऱ्यातल्या जहाजांच्या प्लेटचा नुसत्या एचिंगच्या टप्प्यावरचा छापा बघा. डोलकाठ्या, शिडाच्या कडा, लाटेचे चारदोन आकडे, बस. वादळी हवा त्यात नाहीच. ती नंतर आली, मेझोटिंटवाल्याच्या हाताने. सुरुवातीच्या २० प्लेट्स ज्याने केल्या त्या चार्ल्स टर्नरशी (आडनाव एक, नातं नाही) पुढे मजुरीवरून वाजलं. आठाच्या दहा गिनी मागितल्या म्हणून टर्नरने वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं, असं सांगतात. कारागिराने दर वाढवून मागितला की कलावंताचा आत्मसन्मान दुखावतो, हे दोनशे वर्षांत बदललेलं नाही. माझी बाजू कुठली ते सांगायला नको.

त्या मालिकेतली मला सगळ्यात आवडणारी सागरी प्लेट १८१२ ची आहे आणि ती चक्क शांत पाण्याची आहे. ती टर्नरने कोणाच्या हाती दिली नाही. सॉफ्ट ग्राउंडने, म्हणजे चरबी घातलेल्या मऊ थरावर कागद ठेवून, त्याने स्वतः रेखाटली आणि पुढचं कामही स्वतः केलं. वाऱ्याविना लोंबणारी शिडं, आणि पाण्यात त्यांची लांबलेली प्रतिबिंबं. वादळाचा हा बादशहा, पत्र्यापाशी एकटा बसला तेव्हा त्याने पडलेला वारा निवडला.

कुकचं घरच या धंद्यातलं. वडील जॉर्ज कुक आणि काका विल्यम बर्नार्ड कुक, दोघेही तांब्यावर कोरणारे. टर्नरची इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याची दृश्यं १८१४ ते १८२६ मध्ये छापून निघाली, ती या दोन भावांच्या खटपटीने. म्हणजे पोरगा लहानाचा मोठा झाला तो टर्नरची बोटं आणि वडिलांची हत्यारं बघत. आधी त्याला झाडापानांच्या प्लेट्सना बसवलं. लॉडिजेस नावाच्या रोपवाटिकावाल्यांच्या वनस्पतींच्या नियतकालिकासाठी तो कोवळ्या वयात पानं-फुलं काढत होता (पुढे त्याच घरची मुलगी केली). मग क्लार्कसन स्टॅनफिल्ड या समुद्रचित्रकारासाठी जहाजांचे तपशील टिपून देण्याचं काम मिळालं. कप्प्या, गाठी, नांगराच्या कड्या. ज्या पोराने हजार पानांच्या शिरा काढल्या आहेत, त्याला जहाजाच्या दोऱ्या म्हणजे काहीच नाही.

आता जरा पत्र्यापाशी बसू.

तांब्याचा पत्रा घासून लख्ख करायचा. गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळेच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. याला आम्ही ग्राउंड म्हणतो. मग पत्रा उपडा धरून खालून मेणवातीच्या धुराने काळा करायचा, म्हणजे सुईची प्रत्येक रेघ काळ्यावर तांबूस उठून दिसते. सुईने तांबं कोरायचं नसतं, फक्त थर बाजूला करायचा असतो. खाण्याचं काम ॲसिडचं. आम्ही ट्रेमध्ये पत्रा बुडवतो. कुकच्या काळात पत्र्याच्या चारी कडांना मेणाचा बांध घालत, एका कोपऱ्याला ओतायला चोच ठेवत, आणि पाणी मिसळलेलं नायट्रिक ॲसिड सरळ पत्र्यावर ओतत. रेघांवर बुडबुडे जमतात. ते तसेच राहिले तर रेघ तुटक येते, म्हणून पक्ष्याच्या पिसाने हलकेच लोटायचे. ही पिसाची भानगड आजही तशीच आहे. माझ्या स्टुडिओत येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी खरं वाटत नाही की टेबलावरचं कबुतराचं पीस हे हत्यार आहे.

आणि खरी गंमत वेळेची. सगळं चित्र थोडा वेळ खाऊ दिलं की ॲसिड काढून, धुऊन, सुकवून क्षितिजावरची जहाजं व्हार्निशने झाकून टाकायची. ती तेवढीच, फिकी राहणार. पुन्हा ॲसिड. मग मधली जहाजं झाकायची. पुन्हा ॲसिड. असं करत सगळ्यात जवळच्या होडीचा बुडखा शेवटी एकटा उघडा राहतो आणि पार खोल जातो. छापला की काळाकुळकुळीत. कुकच्या बंदरांत ही हवा अशी आली आहे. लांबच्या डोलकाठ्या धुक्यात आहेत असं वाटतं, पण धुकं कुठेच काढलेलं नाही. ती मिनिटं आहेत. पडद्यावर मोठं करून बघितलं तर एकाच गलबताच्या पुढच्या आणि मागच्या दोऱ्यांनाही त्याने वेगवेगळा वेळ दिलाय, हे कळतं. हे बघून मी लॅपटॉप मिटते आणि भांडी घासायला जाते.

शिवाय हे सगळं उलटं. छापताना डावं उजवीकडे येणार, म्हणून पत्र्यावर अख्खं बंदर आरशातल्यासारखं काढायचं. झाडाचं पान उलटं निघालं तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण बंदरातल्या माणसाला किल्ला कुठल्या हाताला आहे हे ठाऊक असतं, आणि कुकचे पहिले गिऱ्हाईक असेच लोक.

माझे बाबा त्या गिऱ्हाइकांच्या जातीचे. दाभोळच्या खाडीतल्या गावचे, तरुणपणी शिडाच्या गलबतावर होते. कौलं भरून मंगळुराहून मुंबईपर्यंत. ती गलबतं बसत गेली तेव्हा मुंबईत माझगावला दारूखान्यात लागले, जुनी जहाजं तोडायच्या कामावर. चित्रकला हा त्यांच्या मते माझा हट्ट आहे, पोरीने केला म्हणून त्यांनी चालवून घेतला. पण कुकची एक ओहोटीची प्लेट मी त्यांच्यापुढे धरली तेव्हा चष्मा मागितला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “बाय, ह्या माणसाला दोर कळतो.”

“म्हणजे काय, बाबा?”

“दोर खयसून येतो नि खय जातो, ता बघ. मधीच हवेत नाय सुटलेला. दुसरे लोक नुसती जाळी काढतात.”

त्यांनी बोट ठेवून एकेक दोर वरून खालपर्यंत नेला, कप्पीतून, खुंटीपर्यंत. एकही हवेत लटकला नाही. मग मी मुद्दाम एका नावाजलेल्या तैलचित्राचं छायाचित्र दाखवलं, भयंकर वादळ, सोनेरी उजेड. बाबा म्हणाले, “हा जहाज वादळात नाय बुडणार. आधीच बुडणार.” चित्रकाराचं नाव सांगत नाही.

मग मी त्यांना ‘पोर्ट्समाउथ बंदरातलं तुरुंगाचं जहाज, कैदी चढताना’ ही प्लेट दाखवली.

युद्धनौका म्हातारी झाली की तिची तोफखान्याची गरज संपते, पण लाकूड असतं, जागा असते. इंग्लंडने १७७६ पासून अशा जहाजांत कैदी कोंबायला सुरुवात केली. आधी कैद्यांना अमेरिकेत पाठवत. तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर ती वाट बंद झाली, आणि नद्यांत, बंदरांत नांगरलेली ही जहाजं हाताशी होती. तात्पुरती सोय म्हणून आणली ती १८५७ पर्यंत चालली. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

कुकच्या प्लेटमधलं जहाज म्हणजे पाण्यावर उभी राहिलेली चाळ. डोलकाठ्या गेलेल्या, डेकवर लाकडी खोल्या चढवलेल्या, आणि जिथे शिडं असायची तिथे दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. खाली लहानशी होडी, तीत माणसं. चेहरे नाहीत. कुकने त्यांना कीव यावी असं काही दिलेलं नाही, वळून बघणारा एकही डोळा नाही. कपडे मात्र एकेक काढलेत.

बाबांनी कपड्यांकडे बघितलंच नाही. म्हणाले, “वर कितका इलाय बघ.” तोफा गेल्या, दारूगोळा गेला, पाण्याची पिंपं गेली. वजन उतरलं की जहाज पाण्याबाहेर येतं, पूर्वी बुडालेला भाग उघडा पडतो. दारूखान्यात भरतीला ओढून आणलेली जहाजं अशीच दिसायची, म्हणाले, रिकामी नि उंच. मी हे चित्र कितीतरी वेळा बघितलं होतं आणि ते जहाज एवढं अंगावर का येतं याचं कारण मांडणीत, उजेडात, कुठे कुठे शोधलं होतं. कारण पाण्याच्या रेघेत होतं. तिथे कुकने ॲसिडला जास्तीत जास्त वेळ दिला आहे.

याच संचात डेटफर्डला बांधलेल्या ‘डिस्कव्हरी’ची प्लेट आहे. तेही तेव्हा कैद्यांचं जहाज. पण १७९१ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर याच जहाजावरून निघाला होता आणि चार वर्षांत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे नकाशे करून परतला होता. कॅनडातल्या ज्या शहरात आज आपली बरीच मंडळी आहेत, त्याला याचंच नाव. (तरुणपणी हा कॅप्टन कुकच्या हाताखाली होता. झालं, पाहुणा येऊन गेला.) पुढे या जहाजाला बाँबफेकीसाठी बदललं, १८०१ च्या कोपनहेगनच्या लढाईत ते होतं, मग रुग्णालय, मग तुरुंग. कुकने काढल्यानंतर चारपाच वर्षांत, १८३४ मध्ये, तोडलं. टर्नरचं ते प्रसिद्ध चित्र, म्हातारी ‘टेमरेअर’ तोडायला ओढून नेतानाचं, १८३९ मध्ये लोकांपुढे आलं. सूर्यास्त वगैरे सगळं. मला ते आवडत नाही असं कसं म्हणू? पण टर्नरने या विषयाला रंग चढवले त्याच्या दहा वर्षं आधी एका पोराने तो विषय सुईने टिपून ठेवला होता, सूर्यास्ताशिवाय. ‘टेमरेअर’ही मधली काही वर्षं कैद्यांचं जहाज होती. टर्नरच्या चित्रात ते कुठे दिसत नाही. त्याने तिला तिच्या डोलकाठ्याही परत दिल्या आहेत.

पोर्ट्समाउथच्या त्या जहाजांना आतून बघितलेला एक चित्रकार होता. लुई गार्नरे, फ्रेंच, १७८३ चा. बाप चित्रकार, पण हा तेराव्या वर्षी दर्यावर गेला. हिंदी महासागरात सुर्कूफ या, सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणाऱ्या फ्रेंच कप्तानाबरोबर होता. १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात सुर्कूफने ईस्ट इंडिया कंपनीचं ‘केंट’ हे आपल्याहून कितीतरी मोठं जहाज पकडलं, त्या झटापटीत गार्नरे होता. १८०६ मध्ये इंग्रजांच्या हाती लागला आणि १८१४ पर्यंत पोर्ट्समाउथच्या बंदिजहाजांवर राहिला. आठ वर्षं. तिथे तो इंग्रजी शिकला, दुभाष्याचं काम केलं, आणि चित्रं काढून गावातल्या एका व्यापाऱ्याला विकली. त्याच्या आठवणींत पदरचा मालमसाला भरपूर आहे, जरा जपूनच वाचाव्या लागतात. पण चित्रांत त्याला फेकायची गरज पडली नाही. बंदरात एका रांगेत उभी, काळी, बिनडोलकाठ्यांची जहाजं त्याने रंगवली ती राहिली आहेत.

सुटल्यावर १८१७ मध्ये तो फ्रान्सच्या महानौसेनापतीचा चित्रकार झाला, आणि मग त्याने फ्रान्सच्या बंदरांची ६४ दृश्यं ॲक्वाटिंटमध्ये केली. ॲक्वाटिंट ही एचिंगचीच बहीण. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून गरम करायची. कणांच्या मधल्या फटींतून ॲसिड खातं आणि रेघेऐवजी राखाडी पोत मिळतो. पाणी, आभाळ, धूर यांसाठी याहून चांगलं काही नाही. आपल्याकडची घारापुरी आणि कान्हेरी बघून गेलेल्या विल्यम डॅनियलने परत गेल्यावर १८१४ ते १८२५ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या अख्ख्या किनाऱ्याची ३०८ ॲक्वाटिंट्स केली ती याच जोरावर. डॅनियलचे किनारे देखणे आहेत, थोडे थंडही. गार्नरेच्या बंदरांत मात्र गडबड आहे. माल चढतो, कोणी भांडतंय, कोणी दोर फेकतंय. आठ वर्षं एका जागी बांधलेल्या माणसाने चालती बंदरं काढली. तो १८५७ मध्ये गेला, ज्या वर्षी इंग्लंडने बंदिजहाजांची पद्धत मोडली त्याच वर्षी.

आणि आता आपलं गाव. कुक पोर्ट्समाउथ बंदरात वही घेऊन फिरत होता तेव्हा तिथे मुंबईत बांधलेलं एक जहाज पडून होतं, ‘त्रिंकोमाली’. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत बांधलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं, मलबारच्या सागवानात. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडचा ओक संपत आला होता. शिवाय ओकमध्ये लोखंडी खिळे गंजतात, सागाचं तेल त्यांना सांभाळतं. या जहाजाचे मूळ नकाशे घेऊन येणारी ‘जावा’ १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडली, त्यामुळे नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. एवढं करून जहाज १८१९ मध्ये पोर्ट्समाउथला पोचलं तर लढाई संपलेली. राखीव म्हणून बांधून ठेवलं ते १८४५ पर्यंत. सव्वीस वर्षं नवीकोरी निवृत्ती. पण सागवानच ते, टिकलं. आज इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ते पाण्यावर उभं आहे, तरंगती असलेली सगळ्यात जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. “साग हा तो,” एवढंच म्हणाले, आणि मग दारूखान्यात सागाच्या फळ्यांना काय भाव यायचा यावर अर्धा तास बोलले. तो अर्धा तास मी रेकॉर्ड केला आहे. त्यावर वेगळं लिहीन.

कुकचं पुढे काय झालं ते सांगते. संच खपला, वाढवून ६५ प्लेट्सचा केला. जुना लंडन ब्रिज पाडून नवा झाला त्याची दृश्यं बापलेकांनी मिळून केली, ती १८३३ मध्ये निघाली. पुढच्या वर्षी वडील वारले. आणि मग हा तैलचित्रांकडे वळला. हॉलंडचे किनारे, व्हेनिस, पुन्हा व्हेनिस. १८६३ मध्ये रॉयल अकादमीचा सभासद झाला, त्याच वर्षी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचाही, कारण नेचे, खडक आणि जीवाश्मांचा नाद होता. ससेक्समध्ये नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाकडून टुमदार घर बांधून घेतलं आणि १८८० मध्ये तिथेच गेला. सुखी, यशस्वी आयुष्य.

त्याची तैलचित्रं मी नेटाने बघितली आहेत. दोर तिथेही बरोबर जागी जातात, बाबांची त्याला हरकत नाही. पण व्हेनिसच्या त्या गुलाबी आभाळाखाली सगळी शिडं धुऊन इस्त्री केलेली वाटतात, आणि अठराव्या वर्षी ज्याला चिखलात कललेली होडी पुरत होती त्याला साठीत सूर्य मावळल्याशिवाय चित्र संपवता येईना. पैसे असते तर मी त्यातलं एकही घेतलं नसतं. कोळशाच्या जहाजाची एखादी प्लेट मात्र, डाग पडलेली, कोपरा गेलेली का असेना, कुठे परवडेल अशी दिसली तर मला कळवा.